पुण्याजवळ तलाव आणि जंगल एकत्र अनुभवायला सायकलने कुठे जावं आणि चालत कुठे?

दोन्हीचं उत्तर मुळशीच, पण रस्ते वेगळे.

सायकलसाठी चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशीचा जलाशय. उजाडायच्या आत निघा, कारण रविवारी नऊनंतर भूगाव-पिरंगुटची गर्दी सगळी मजा घालवते. पौडनंतर रस्ता मोकळा होतो आणि पुढे पाणी दिसू लागतं. ताम्हिणी घाटाकडे वळणं आणि चढ बरेच आहेत, त्यामुळे गिअरची सायकल हवीच. पावसाळ्यात उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. जादा ट्यूब आणि पंप घ्या.

चालायचं असेल तर अंधारबनाचं जंगल. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावातून (पिंपरी-चिंचवड नव्हे) निघून, हिर्डी ओलांडून खाली कोकणात भिऱ्याला उतरायचं. मुळशीचं पाणीही नळांतून भिऱ्यालाच जातं, तिथल्या वीजनिर्मिती केंद्रात. झाडी इतकी दाट की भर दुपारीही अंधारल्यासारखं वाटतं. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मुकाट मागे फिरा. गाडी पिंपरीतच लावली असेल तर हिर्डीहून परत या, नाहीतर भिऱ्यात अडकाल. पावसाळ्यात वनखातं ही वाट कधीकधी बंद ठेवतं, आधी चौकशी करा.

अंधारबनात सायकल मात्र नेऊ नका. निम्मी वाट ती खांद्यावरच घ्यावी लागेल.