बालकांचा हिवताप : प्रशिक्षणात भर कशावर द्यावा?

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात आशाताई व गावातील स्वयंसेविकांना बालकांच्या हिवतापाविषयी एका दिवसाचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्यात मुख्य भर कशावर असावा?

उत्तर : व्याख्यान थोडक्यात आटोपून बहुतेक वेळ प्रत्यक्ष सरावाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस डास मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावत असल्याने कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी बांधणे, तिच्या कडा अंथरुणाखाली खोचणे आणि नवी मच्छरदाणी वापरण्यापूर्वी सावलीत हवेशीर ठेवणे, हे प्रत्येकीने स्वतः करून पाहावे. मच्छरदाणी नदीनाल्यात धुऊ नये, कारण तिच्यातील कीटकनाशक माशांना घातक असते.

मात्र सर्वाधिक वेळ तापाला द्यावा. फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणारा हिवताप लहान मुलांत चोवीस तासांच्या आतही गंभीर रूप घेऊ शकतो. म्हणून तापाच्या बालकाचे रक्त त्याच दिवशी तपासले जावे आणि झटके, ग्लानी किंवा दूध न पिणे दिसताच त्याला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या हिवतापासाठी प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस द्यावे लागते (एक वर्षाखालील बालकांना ते देत नाहीत), आणि ताप उतरताच गोळ्या थांबवणाऱ्या घरी काय बोलायचे, याचा सराव गोंडी व माडिया या स्थानिक बोलींतच करून घ्यावा.