घराच्या पार्किंगमध्ये कार लिफ्ट बसवायची आहे, कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नात तुम्ही दिलेली माहिती अशी: बंगल्याच्या पार्किंगचा स्लॅब १० फुटांवर, खाली शहाबादी फरशी, घरात एक क्रेटा आणि वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी. सुट्टीच्या दिवशी कामं घरीच करायची आहेत, तर टू-पोस्ट (दोन खांबांची) घ्यावी, सिझर (कात्रीसारखी उघडत वर जाणारी) घ्यावी की गाडीखाली उतरायला सरळ खड्डा खणावा?

मी सांगलीजवळ राहतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं टू-पोस्ट लिफ्ट वापरतोय. तुम्ही लिफ्टच्या किमती काढून ठेवल्या आहेत, पण फरशीखाली काय आहे ते प्रश्नात कुठेच आलं नाही. माझी चूक नेमकी तिथेच झाली होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझी लिफ्ट आली तेव्हा बसवायला आलेल्या माणसाने हातोडीने कोबा वाजवून बघितला आणि म्हणाला, "चांगला आहे, बोल्ट धरतील." भोकं पाडली, अँकर बोल्ट ठोकले, नट आवळायला घेतले. तिसरा बोल्ट आवळला जाईचना. पाना नुसता फिरत राहिला आणि बोल्ट काँक्रीटचा मूठभर तुकडा घेऊन वर आला. भोकात बोट घातलं तर तीन इंचांखाली मुरूम. लिफ्टवर तेव्हा गाडी नव्हती. ती असती तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

आपल्याकडे जोतं मुरमाने भरतात, त्यावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) तीन-चार इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, आणि मग फरशी. माणसं चालायला आणि गाडी उभी करायला ते पुरतं. टू-पोस्टचा भार वेगळा असतो. भरलेली बादली हात लांब करून धरली की खांद्याला जसा पीळ बसतो, तसा खांबाच्या बुडाला बसतो. गाडीचं अर्धं वजन एकेका खांबावर येतं, पण खांबापासून दोन-तीन फूट लांब. खांब आत झुकू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपटले जाऊ लागतात. म्हणून लिफ्टवाल्यांच्या मॅन्युअलमध्ये किमान चार इंच, अनेकदा सहा इंच किंवा जास्त जाडीचं चांगलं काँक्रीट मागितलेलं असतं. फरशीची जाडी त्यात धरायची नाही.

मी शेवटी सगळं फोडलं. आमची काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन खांबांना दोन वेगळे चौथरे केले असते तर एक वर, एक खाली व्हायची भीती होती. म्हणून माती काढून मुरूम भरला, धुमसला आणि दोन्ही खांबांखालून जाणारा १२ फूट लांब, ४ फूट रुंद, १० इंच जाड एकच पट्टा ओतला. सळयांची दुहेरी जाळी, एम२५ दर्जाचं काँक्रीट, पूर्ण २८ दिवस पाणी. तुम्ही फोडणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कारण तुमच्या डोक्यावर घर उभं आहे आणि खाली जोत्याच्या पातळीवरचे प्लिंथ बीम असतील. ते कापायचे नाहीत.

आता उंची. १० फूट म्हणजे ३०५ सेंमी. क्रेटा सुमारे १६३ सेंमी उंच. वर १० सेंमी मोकळे सोडले तर चाकांखाली १३० सेंमीच्या आसपास उरतात, म्हणजे सव्वाचार फूट. एवढ्यात उभं राहता येत नाही, चाकाच्या स्टुलावर बसून मात्र आरामात काम होतं. बॉनेट उघडं ठेवून पूर्ण वर नेता येणार नाही. पद्मिनी दीड मीटरच्या आत आहे, तिला थोडी जास्त उंची मिळेल. पण माप स्लॅबपासून घेऊ नका, बीमच्या तळापासून घ्या. पंखा आणि ट्यूबलाइटही मोजा.

एवढ्या उंचीत वरून आडवी पट्टी जाणारी टू-पोस्ट बसत नाही, तिला साडेअकरा-बारा फूट लागतात. खालून पट्टी असलेली, म्हणजे बेस प्लेटची, साधारण साडेनऊ फुटांत बसते. खांबांच्या मध्ये जमिनीवर तिचा लहान उंचवटा येतो, एवढाच त्रास. आणि वर, ठरलेल्या उंचीला लिफ्ट थांबवणारा लिमिट स्विच लावून घ्या, नाहीतर एखाद्या दिवशी बोलता बोलता गाडीचं छत बीमला लागेल.

मिडराइज, म्हणजे मध्यम उंचीची, सिझर लिफ्ट क्रेटासाठी उत्तम. ब्रेक, टायर, सस्पेन्शन सगळं होतं आणि उंची मीटरभर मिळते. तिचा भार मोठ्या तळावर पसरतो, त्यामुळे फरशीखालचं काम टू-पोस्टइतकं अवघड नसतं. पण तुमचं मन पद्मिनीत आहे ना? ती मागच्या चाकांवर चालणारी गाडी. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट मधोमध जातो आणि सिझरची यंत्रणा नेमकी तिथेच आड येते. त्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट बदलायला गेलात की हात पोचणार नाही.

म्हणून फरशी फोडायची नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन सुट्या चौकटींची हलती लिफ्ट घ्या. दोन्ही बाजूंच्या सिलखाली, म्हणजे दारांखालच्या पट्टीखाली, एकेक चौकट सरकवायची, छोट्या पंपाने वर घ्यायची, मधली जागा पूर्ण मोकळी. उंची अर्धा मीटरच, काम पाठीवर झोपून करावं लागतं, पण बोल्ट नको, खोदाई नको, आणि झालं की भिंतीला टेकवून ठेवा. फरशी फोडायची तयारी असेल तर बेस प्लेटची टू-पोस्ट, साडेतीन-चार टनांची. चारखांबी लिफ्ट एकावर एक गाड्या ठेवायला चांगली. चाकं तिच्या पट्ट्यांवर टेकलेली राहतात, ब्रेकचं काम करायचं तर वर आणखी एक जॅक लागतो. तुमच्यासाठी नाही.

खड्डा नको. एसटी डेपोत खड्डे असतात, पण तिथे निचरा असतो आणि डिझेलच्या गाड्या असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्याच्या तळाशी साचते, आणि जुन्या पद्मिनीचा कार्ब्युरेटर थोडाफार गळतोच. हँडलॅम्पचा बल्ब फुटला तरी पेट घ्यायला पुरेसा आहे. शिवाय जुलैत त्यात पाणी भरेल आणि घरात लहान मुलं असतील तर झाकणावर भरवसा ठेवावा लागेल.

पद्मिनीबद्दल आणखी एक. तिला वेगळी चॅसिस नाही, सगळा भार सिल आणि तळाच्या पत्र्यावर. एवढ्या वर्षांत तो आतून गंजलेला असू शकतो. लिफ्टच्या हातांवर घ्यायच्या आधी जॅकच्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंग, मग लिफ्ट. आणि कधी इंजिन उतरवलंत तर पुढचं वजन जातं, गाडी मागे कलंडू शकते. मागे उंच स्टँड लावल्याशिवाय इंजिन सोडवू नका.

वीज: या लिफ्टला बहुतेक ३ एचपीची सिंगल फेज मोटर येते. गीझरच्या पॉइंटवर ती चालवू नका. वायरमनकडून ४ चौरस मिमीची वेगळी लाइन, सी कर्व्हचा (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी आणि पक्कं अर्थिंग करून घ्या. विकत घेताना विचारा की लॉक, म्हणजे गाडीला वर धरून ठेवणारी खिट्टी, हाताने ओढून सुटतं का. टू-पोस्टवर गाडी लॉकवर बसलेली असते. खाली आणायला ती आधी दोन बोटं वर उचलावी लागते, तेव्हा लॉक सुटतं. म्हणजे वीज गेली की गाडी वरच. आमच्याकडे एकदा वादळात दीड दिवस वीज नव्हती आणि शेजाऱ्याची ओम्नी तेवढा वेळ वर राहिली. हातपंपाची सोय असलेलं पॉवर पॅक (मोटर आणि तेलाचा पंप) मिळालं तर तेच घ्या.

आणि गाडी जमिनीपासून वीतभर उचलली की थांबा, दोन्ही हातांनी जोरात हलवा, चारही पॅड बघा. मगच वर. वर गेल्यावर लॉकचा आवाज दोन्ही खांबांतून ऐकू आला पाहिजे, आणि गाडी लॉकवर टेकवल्याशिवाय खाली जायचं नाही. तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली मी कुणालाच जाऊ देत नाही, मुलालाही नाही.

आता एक करा. पार्किंगच्या कोपऱ्यात एक फरशी काढून १६ मिमीचं भोक पाडा आणि काँक्रीट किती इंचांवर संपतं ते मोजा. तो आकडा आणि बीमच्या तळाची उंची खाली लिहा, मग कोणत्या मापाची लिफ्ट बसेल ते नेमकं सांगतो.