अख्खी सिस्टीम बदलू की फक्त बॉडी?

सांगलीच्या एका लग्न-फोटोग्राफर वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे निकॉन डी750 च्या दोन बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), 24-70 आणि 70-200 या झूम लेन्स आणि एक जुनी 50 एमएम डी लेन्स आहे. हे सगळं विकून सोनीवर जायचं म्हणतात. नव्या किटचं कोटेशन 8,60,000 रुपये. जुन्याचे 2,20,000 येतील, उरलेल्या 6,40,000 साठी 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज. कमी पडलं तर पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवायच्या.

तुमची अडचण खरी आहे. डी750 चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, तुमच्या मुख्य बॉडीचे 1,90,000 झालेत. ऐन मंगलाष्टकांत ते अडकलं तर अक्षता पुन्हा पडत नाहीत. तेव्हा ती बॉडी बदलाच. पण बॉडी बदलणं वेगळं आणि लेन्ससकट सगळी सिस्टीम बदलणं वेगळं. कोटेशनमध्ये दोन्ही एकत्र आलंय.

आता हप्ता बघा, साधारण 21,900 रुपये. सीझनमध्ये तो निघेल. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत काय करणार? त्या चार महिन्यांत बारशी, वाढदिवस आणि पासपोर्ट फोटो धरून महिन्याला 18-20 हजार येतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे घरखर्च बाजूला ठेवला तरी हप्ता भागत नाही. शिवाय तीन वर्षांत नुसतं व्याजच 1,47,000 च्या आसपास जातं. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

जुन्याचे 2,20,000 ही पक्के धरू नका. सेकंडहँड घेणारा लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारतो. आतल्या काचेवर बुरशीचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, की भाव पाडून मागतो. आज रात्री दिवा घालवून तुम्ही स्वतःच हे करून बघा.

माझा सल्ला असा: निकॉनचीच एक झेड-माउंट, म्हणजे नव्या मिररलेस मालिकेतली बॉडी आणि तिला जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर घ्या. तुमच्या दोन्ही झूम लेन्स एएफ-एस आहेत, मोटर लेन्समध्येच असल्याने ऑटोफोकस चालतो. 50 एमएम डीला मात्र हाताने फोकस करावा लागेल. बजेट दोन लाखांच्या आत ठेवा. कमी क्लिक झालेली डी750 बॅकअपला राहू द्या. घाई नसेल तर चातुर्मासात घ्या, म्हणजे पहिल्या मुहूर्तापर्यंत हात बसेल.

जीएसटीचे पैसे परत मिळतात, असं दुकानदार म्हणाला, ते नोंदणी असलेल्यांसाठी. तुमची नोंदणी नाही, त्यामुळे 18 टक्के तुमच्याच खिशातून जाणार.

सोनीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला पटतो. पुण्याच्या ज्या टीमसाठी तुम्ही काम करता, तिला सगळ्यांचे कॅमेरे सारखे लागतात, नाहीतर एडिटिंगला रंग जुळवत बसावं लागतं. गेल्या सीझनला त्यांच्याकडे तुमचे 14 दिवस झाले. तुम्ही कळवलेल्या 3,000 रुपये रोज भाड्याने सोनी घेतला, तर 42,000 होतात, म्हणजे दोन हप्त्यांपेक्षाही कमी. येत्या सीझनची डायरी नीट ठेवा. पुण्याचे दिवस 40 च्या पुढे गेले आणि भाडं वजा जाऊनही पैसे उरले, तर पुढच्या आषाढात मला पुन्हा लिहा, तेव्हा सोनीचा हिशेब नव्याने मांडू. पाटल्यांना तेव्हाही हात लावायचा नाही.