हसला तरी धास्ती वाटते

“मॅडम, हे जरा मोकळं हसले तरी पोटात गोळा येतो.” बायपोलरच्या (कधी उन्माद, कधी खोल उदासी अशा आजाराच्या) पेशंटच्या घरची माणसं सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आली की शब्द थोडे बदलतात, धास्ती हीच असते. आनंद कुठला आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं?

तासगाव भागातलं एक द्राक्षबागायतदार कुटुंब (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आदल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास पस्तिशीतला मुलगा सुसाट सुटला होता. नको त्या जमिनीला विसार देऊन आला, मध्यरात्री व्यापाऱ्यांना फोन, अडवलं की शिव्या. मग काही महिने अंथरुणातून उठेना. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मनाचे चढउतार आवरणारं लिथियम सुरू केलं, माणूस सावरला. आणि घरात पहारा सुरू झाला.

“हसलो की इच्यारत्यात, गोळी घेतली का. गप बसलो की, बरं वाटत न्हाई का. भावाशी भांडलो तर थेट डॉक्टरला फोन! मी माणूस हाय का थर्मामीटर?”

बायको उसळली, “मागच्या वेळी गप बसलो, तर दोन लाख गेले. आम्ही काय करायचं?”

दोघांचंही खरं होतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. घटनेपेक्षा तिला आपण चिकटवलेला अर्थ जास्त छळतो, हे ही पद्धत मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं म्हणणं मला रोज पटतं. पण इथली भीती निराधार नव्हती, तिचा पहाराच चुकीच्या दारावर होता. म्हणून मी मागे मागे जात राहिले. विसाराच्या आधी काय? फोन. फोनच्या आधी? दोघं अडखळले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या सासूबाई म्हणाल्या, “त्येच्या खोलीतला दिवा आठवडाभर इझलाच न्हवता. आन् सकाळी माज्या आधी बागंत.”

“दमलेला दिसायचा?”

“छ्या! उलट जादाच तरतरी.”

खोलीत कुणीच बोललं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी आग्रहाने बोलावते ते यासाठीच. त्यांनी पाहिलेलं असतं, कुणी विचारलेलं नसतं. झोप न लागणारा माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो. उन्मादाकडे निघालेला दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो. बहुतेकांची अशी पहिली खूण ठरलेली असते, प्रत्येकाची वेगळी असू शकते. शिवाय झोपमोड हे नुसतं लक्षण नाही, तिनेच उन्मादाचा नवा झटका सुरू होऊ शकतो. या घरात तर शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला आली की मोटर चालू करायला हाच जायचा!

मग कागद त्यानेच लिहिला. रात्रपाळीचं पाणी भावाकडे. सलग दोन रात्री झोप कमी आणि तरी थकवा नाही, तर बायकोने डॉक्टरांना कळवायचं, त्याने वाद घालायचा नाही. मोठा व्यवहार दोन रात्री थांबवून. आणि त्याच्या हातचं शेवटचं कलम, “हसल्यावर गोळीचं इच्यारायचं न्हाई.” बायको खुदकन हसली, मी तिला सही करायला लावली. असा करार बरं असतानाच करायचा. झटक्यात आलेल्या माणसाशी वाटाघाटी होत नाहीत.

“आता बरा हाय, मग गोळ्या कवर?” हाही प्रश्न आलाच. ते डॉक्टर ठरवतील, पण मनाने एकदम बंद केल्या तर आजार उलटण्याचा धोका मोठा. लिथियमची रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉईड ठरल्या वेळी तपासायचं. बागेत काम करणाऱ्यांनी आणखी एक पाळायचं: उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून खाल्ली, की ही पातळी चढू शकते. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

उदासीच्या काळात मरणाची भाषा आली तर कागदातलं कलम शोधत बसू नका. माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.