पावसात गाडी मिस मारते, उन्हात उभी केली की बरी होते. गाडीतला पेट्रोल पुरवणारा पंप बदलू का?

इतक्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की पाऊस लागला किंवा वॉशिंग सेंटरवरून गाडी आणली की इंजिन मिस मारतं (मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही), चढाला झटके देतं, आणि तासाभरात वाळलं की सुरळीत चालतं. पंप गेला असता तर त्याने कोरड्या दिवशीही त्रास दिला असता. ओलीतच होणारं मिसिंग बहुतेक वेळा करंट गळल्यामुळे असतं. ठिणगीसाठी जास्त व्होल्टचा करंट तयार करणाऱ्या कॉइलपासून सिलिंडरमधल्या स्पार्क प्लगपर्यंत २० हजार व्होल्टच्या आसपास, कधी त्याहून जास्त दाब असतो. वाटेत रबराला तडा असेल तर ओल धरून तो करंट सरळ इंजिनच्या धातूत उतरतो आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडतच नाही.

आपल्या सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरचा, आणि अशा गाड्याही तेव्हाच जास्त येतात. पण बिघाड उन्हाळ्यातलाच असतो. बाहेर ४२-४३ अंश, त्यात बॉनेटखालची धग, त्यामुळे प्लग वायरचं आणि कॉइलच्या बुटाचं (प्लगवर बसणाऱ्या टोपणाचं) रबर कडक होऊन तडकतं. वर धुळीचा थर बसतो. कोरडी धूळ निरुपद्रवी, भिजली की तिच्यातून करंट वाहतो.

आता शोधायचं कसं? रात्री गाडी उघड्यावर लावा, न्यूट्रल, हँडब्रेक, बॉनेट वर, आजूबाजूचे दिवे बंद. इंजिन चालू ठेवून झाडांवर मारायच्या स्प्रे बाटलीने एकेका वायरवर आणि कॉइलच्या तोंडाशी पाण्याचा हलका फवारा मारा. फ्यूज बॉक्स आणि अल्टरनेटरवर नको. हात पंख्या-बेल्टपासून लांब, आणि चालू इंजिनची वायर अजिबात धरू नका. गळती असेल तिथे निळी ठिणगी दिसते, टकटक आवाज येतो, इंजिन लगेच लंगडतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या (एकाच कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग असलेल्या) गाडीत त्याची कॅपही आतून बघा, तडा तिथेही सापडतो.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिस मारतोय, पी०३०२ म्हणजे दुसरा. कोडने दाखवलेल्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि पुन्हा फवारा मारा. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या बुटात. नाही सरकला तर प्लग काढून त्याची पांढरी चिनीमाती नीट निरखा. पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ वरून खाली गेलेली असेल तर करंट तिथूनच पळतोय. बुटाच्या आतही तशीच रेघ सापडेल, म्हणून प्लग आणि बूट दोन्ही बदला. नुसता प्लग टाकला तर जुना बूट नव्या प्लगवरही रेघ पाडतो.

प्लगच्या खड्ड्यात तेल साचलंय का हेही पाहा. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) सील गळलं की त्या तेलाने बुटाचं रबर फुगतं. आणि पुढच्या काचेखालची जाळी साफ करा. गाडी कडुलिंबाखाली लागत असेल तर पाल्याने पाण्याची वाट तुंबते आणि काही गाड्यांत ते पाणी थेट इंजिनवर ओघळतं. हे फुकटचं काम आहे, आधी करून घ्या.

एक मात्र पाळाच. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर तशीच गाडी पुण्यापर्यंत रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतल्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो जळून जातो, आणि त्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट येतो.