बारावीला पीसीबीत १४१ पडले, आता मेडिकलचं विसरू का?

प्रश्न : ताई, मी बार्शीची, ओपन कॅटेगरी. यंदा स्टेट बोर्डातून बारावी सायन्स झाले, पण रिझल्टच्या दिवशी घरात कोणी धड जेवलं पण नाही. फिजिक्स ४१, केमिस्ट्री ४६, बायो ५४. मॅथ्स आणि भाषांनी सावरलं म्हणून एकूण ५६ टक्के दिसतात. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, नीटला, ७२० पैकी ३१८; त्यात फिजिक्सचे ४५ च्या ४५ प्रश्न सोडवून ५० च आले. मामा म्हणतात लातूरला नीटच्या क्लासला टाका, पप्पा म्हणतात बीएस्सी कर, आणि एक एजंट म्हणतोय की बाहेरच्या देशात बारावीचे मार्क कोणी विचारत नाही. माझं रेकॉर्डच खराब झालंय, काय करू?

उत्तर : अगं, विसरू बिसरू नकोस. पहिलं म्हणजे ते ५६ टक्के डोक्यातून काढ, मेडिकलला तो आकडा कोणी बघत नाही. बघतात काय, तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ३०० पैकी किती, आणि इंग्रजीत पास आहेस ना. ओपनला १५० लागतात, मागासवर्गीयांना १२०. तुझे होतात १४१, म्हणजे ९ मार्क कमी पडतायत, एवढंच खराब झालंय तुझं रेकॉर्ड. आणि एकदा १५० झाले की पुढे १५० वाली आणि २८० वाली सारखीच, कारण एमबीबीएसची मेरिट लागते ती नुसत्या नीटच्या मार्कांवर. पण १४९ असतील तर नीटला कितीही पडू देत, सीट मिळत नाही. माझ्याकडे आलेला एक मुलगा नीटचा चांगला स्कोअर घेऊन कागद तपासायच्या टेबलापर्यंत पोचला आणि तिथून २ मार्कांसाठी परत आला, त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे इतकं कळकळीनं सांगतेय.

तर पहिलं काम, बोर्डाची जून-जुलैची पुरवणी परीक्षा. पास झालेल्यांनाही गुणसुधार योजनेत बसता येतं, फॉर्म तुझ्या ज्युनियर कॉलेजातूनच भरतात, संधी मोजक्याच असतात त्यामुळे उद्याच ऑफिसात जाऊन तारीख विचार.

आता मार्कशीट नीट बघ. प्रॅक्टिकलला तुला ३० पैकी २६, २७, २८ असणार, बहुतेकांना असतातच, म्हणजे फिजिक्सच्या थिअरीत ७० पैकी जेमतेम १५ आलेत. हे का होतं माहितीये? दोन वर्षं क्लासमध्ये नुसते गोल काळे करायची सवय, उत्तर लिहायचा हातच बसलेला नसतो. बोर्डाच्या पेपरात सेक्शन ए मध्येच १८ मार्क आहेत, १० एमसीक्यूचे आणि ८ एका वाक्याच्या उत्तरांचे, पुढे दोन मार्कांचे १२ पैकी ८ आणि तीन मार्कांचे १२ पैकी ८ सोडवायचे, म्हणजे ऑप्शन भरपूर. फिजिक्स-केमिस्ट्रीतल्या गणितांत सूत्र, किमती घातलेली पायरी, युनिट, सगळं लिही, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. रोज एक जुना पेपर घड्याळ लावून, पेनाने, कागदावर. महिनाभर एवढं केलंस तरी ९ मार्क कुठेच जात नाहीत, मी तर म्हणते २५-३० वाढव म्हणजे धाकधूक नको.

नीटचं वेगळं. फिजिक्सला ५० आलेत आणि ४५ च्या ४५ सोडवलेस असं तू लिहिलंयस, म्हणजे १९ बरोबर, २६ चूक, ७६ मधून २६ गेले. ते २६ प्रश्न एका वहीत उतरव आणि प्रत्येकापुढे लिही, येतच नव्हतं, की सूत्र आठवलं पण आकडेमोड चुकली, की वेळ संपत आला म्हणून ठोकून दिलं. क्लास लावायच्या आधी ही वही करच. बायोचे ९० प्रश्न, ३६० मार्क, निम्मा पेपर तिथेच आहे, आणि स्टेट बोर्डाची मुलं इथेच मार खातात कारण एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचलेली नसतात.

लातूरला जायला माझी ना नाही, पण पुरवणी झाल्यावर जा, आणि ती वही सोबत ने. पप्पांना सांग की नीटला वरची वयोमर्यादा नाही, किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही, फक्त एक वर्ष मागून घे त्यांच्याकडून.

एजंटला मात्र नाहीच म्हण. बाहेरून एमबीबीएस करून इथे प्रॅक्टिस करायची तर नीट क्वालिफाय लागतेच, आणि पीसीबीचे ५० टक्के तिथेही सुटत नाहीत. पैसे भरून झाल्यावर हे कळलेली घरं मी पाहिलीयेत.

आणि पुढच्या वर्षी ॲडमिशनच्या वेळी गॅपचं ॲफिडेव्हिट, म्हणजे मधल्या रिकाम्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र, लागेल, ते आत्तापासून डोक्यात असू दे. जुलैचा रिझल्ट लागला की तिन्ही विषयांचे मार्क मला कळव, वाट बघते.