रोज फोन होत होता, तरी बहीण बोलली का नाही?

दादा, तुम्ही लिहिलंय की लॉकडाऊनमध्ये घणसोलीतली तुमची बहीण गरोदर असताना नवरा तिला मारायचा, हे घरी आत्ता कळलं. रोज फोन व्हायचा तरी ती बोलली का नाही, आणि आता पुन्हा पाचवा महिना लागलाय तर काय करू, असं विचारलंय. मी तुर्भ्यात आशा सेविका म्हणून काम करते, त्या वर्षी दारोदार फिरले आहे, म्हणून लिहिते.

तिला बोलायला जागाच नव्हती, दादा. एक खोली, नवऱ्याचं काम बंद, सासू समोर, फोन एकच आणि तोही स्पीकरवर. २५ मार्च २०२० पासून माहेरची वाट बंद. लोकलमध्ये सरसकट बायकांना चढू दिलं ते २१ ऑक्टोबरला, तेही ठरलेल्या वेळेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, ती कित्येकींची चुकली.

माझ्या वस्तीतली सहाव्या महिन्यातली एक मुलगी सारखी फोन करायची, "ताई, लोहाच्या गोळ्या संपल्या." महिन्याभराच्या गोळ्या मी नुकत्याच दिलेल्या. तिसऱ्या वेळी मी चिडले, गोळ्या कुणाला वाटून टाकतेस का म्हणाले. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या कोविडच्या घरोघरच्या पाहणीला तिच्या दारात गेले. ऑक्सिमीटर लावला, काढला, तरी ती हात मागे घेईना. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वजन करायचंय, चल माझ्याबरोबर." बंद अंगणवाडीच्या ओट्यावर दोन मिनिटांत तिनं सगळं सांगितलं. गोळ्या डब्यात तशाच होत्या. ती मला बोलावत होती आणि मला तीनदा कळलं नाही. ते अजून मनाला लागतं.

म्हणून फोनवर "मारतो का" असं विचारू नका, आणि नवऱ्याला जाब तर आत्ता मुळीच नको. तुम्ही फोन ठेवल्यावर ती तिथंच असते. आईला किंवा वहिनीला तिच्या तपासणीच्या दिवशी पाठवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. सिस्टरला आधी सांगून ठेवा, तिला एकटीला आत घ्या. नवरा दाराबाहेर थांबतो अशी ती एकच खोली असते. पोटावर मार बसला असेल तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना. वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, आतल्या आत सुटू शकते, कळा लवकर येऊ शकतात. रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यात तर एक तासही घालवू नका.

झोप नाही, जेवण जात नाही, हे "दिवस गेल्यावर होतंच" म्हणून सोडून देतात. नर्सकडे किंवा डॉक्टरांकडे मनाची उदासी ओळखायची एडिनबराची दहा प्रश्नांची यादी मागा. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच त्यात विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायच्या विचाराचा. त्याला "क्वचित" असं उत्तर आलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३.१ टक्के विवाहित बायकांनी गरोदरपणात मार खाल्ल्याचं सांगितलं. मला तो आकडा कमीच वाटतो. ज्यांनी तोंड उघडलं त्याच मोजल्या गेल्या.

कायद्याचं म्हणाल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे तुम्ही भाऊ म्हणूनही माहिती देऊ शकता. चांगल्या हेतूनं दिली तर तुमच्यावर काही येत नाही. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. पण हे सगळं तिला विचारून करा, घाई तुमची आणि भोगणं तिचं असं नको. जीवावर बेतलं तर मात्र ११२.

माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून तिच्या विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायला सांगा. आणि "मूल झालं की सुधारेल" असं तुमच्या घरातून कुणी तिला म्हणू नका. पहिल्या खेपेलाही तिनं तेच ऐकलं असणार.